तुराट्यांची कोप

मार्गशीर्ष उतरणीला लागला की माझ्या यादीत बाजारात न मिळणाऱ्या गोष्टी शिरायला लागतात. एरवी माझी यादी शिस्तीची असते. किराणा वेगळा, भाजी वेगळी, दुरुस्त्या वेगळ्या. नांदेडला एका कॉलेजच्या भांडारात मी नोकरी करते. खिळ्यापासून खुर्चीपर्यंत काय कोणत्या फळीवर आहे, ते झोपेत विचारलं तरी सांगेन. पण या दिवसांत नळाचं वायसर आणि गव्हाचं दळण यांच्यामध्ये मी काहीतरीच लिहून ठेवते. तुरीच्या ओल्या शेंगा, खुडलेल्या, तोडलेल्या नव्हे. बांधावरची बोरं, जरा कच्ची. कांद्याची पात, मुळाला माती असलेली.

नवरा ती यादी वाचतो आणि विचारतो, "मुळाची माती किती आणू? पावशेर पुरंल?"

तो नायगावचा. त्याच्याकडं येळवस करत नाहीत. माझं माहेर उदगीरच्या अलीकडं, माळावर टेकून बसलेलं एक गाव. तिथं वर्षातला सगळ्यात मोठा सण दिवाळी नाही, पाडवा नाही, मार्गशीर्षातली अमावस्या. पंचांगात तिला वेळा अमावस्या म्हणतात, आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी घरांना कुलपं लागतात आणि माणसं रानात जातात. उभ्या पिकात कडब्याची छोटी खोप घालतात. आमच्याकडं तिला कोप म्हणतात. तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा होते, आणि मग दिवसभर जेवण चालतं. लग्न होऊन इकडं आले तेव्हा पहिल्या येळवशीला मी सासूबाईंना विचारलं, "रानात कधी निघायचं?" त्या म्हणाल्या, "कशाला? आज खुरपणीला माणूस न्हाई लावलेला."

दोन्ही गावांत तीच तूर, तीच ज्वारी, तोच हरभरा. अंतर एका दुपारचं. तरी मधे कुठंतरी एक रेघ आहे, आणि तिच्या एका बाजूला येळवस आहे, दुसऱ्या बाजूला नुसती अमावस्या. ही रेघ शासनाच्या नकाशात नाही. जिल्ह्याची हद्द नाल्याच्या काठानं जाते, तालुक्याची एखाद्या जुन्या आंब्यापासून वळते. पण सण कुठल्या बांधापाशी थांबतो ते कुणी आखलेलं नाही, आणि तरी तो बरोबर तिथंच थांबतो. याचं मला अजून नवल वाटतं.

माहेरी जाताना मी मुद्दाम खिडकीजवळ बसते. नांदेड सोडलं की गोदावरीच्या अंगाची जमीन सुरू होते, काळी, जड, पायाला धरून ठेवणारी. हिवाळ्यात तिला भेगा पडलेल्या असतात आणि त्या भेगांच्या मधून हरभरा असा काही वर आलेला असतो की जणू त्यालाच पाणी कुठं आहे ते ठाऊक. नायगाव मागं पडतं, नरसीच्या चौकात गाडी चहाला थांबते. तिथं कानावर एकाच वेळी मराठी, हैदराबादी हिंदी आणि तेलुगू पडते आणि चहावाला तिन्हींत पैसे मागतो. मुखेडच्या पुढं रस्ता चढायला लागतो. माती आधी तपकिरी होते, मग तांबूस, मग तिच्यात दगड दिसायला लागतात. चढ संपून गाडी माळावर आली की सगळं आभाळ एकदम खाली उतरतं. सीताफळाची झुडपं, गवत वाळून पिवळं झालेलं, दूर एखादं मेंढरांचं खांड. इथं विहिरीला पाणी नाही, ओढ्याला पाणी नाही, आणि तरी माणसं आहेत, आणि ती जेवायला बोलावतात.

ती सगळी असतात असं मात्र नाही. दिवाळी झाली की तांड्यावरची घरं ऊसतोडीला जातात. मागं म्हाताऱ्या आणि कोंबड्या उरतात. तरणी पोरं हैदराबादला, पुण्याला. बऱ्यापैकी मार्क पडलेली लातूरच्या शिकवण्यांना, एकेका खोलीत चार-चार. आमच्या जिल्ह्यांत पीक दोन हंगामांत निघतं, माणसं मात्र बारमाही बाहेर पडतात. फक्त येळवशीला हे चाक उलटं फिरतं. लातुरात त्या दिवशी संचारबंदी लागल्यासारखी शांतता असते. दुकानं बंद, रिक्षा नाहीत, गंजगोलाईच्या भर बाजारात कुत्री ऐसपैस झोपलेली. शहरच्या शहर डब्यात भाकरी बांधून शिवारात गेलेलं असतं. ज्याला रान आहे तो आपल्या रानात. ज्याला नाही त्याला वाटेत कुणीतरी हाक मारतंच. ती हाक नाकारायची नसते. पोट भरलं असलं तरी दोन घास खायचे, नाहीतर त्या रानाचा अपमान होतो.

एका वर्षीची येळवस मला आठवते ती शिवकांताक्कामुळं.

अक्का म्हणजे गावातल्या किराणा दुकानाची मालकीण. दुकान तिच्या नवऱ्याच्या, अप्पांच्या नावानं, पण तागडी अक्काच्या हातात. लिंगायताचं घर, घरात कानडी, दुकानात मराठी, उधारी मागताना हिंदी आणि आठवड्याच्या बाजाराला खालच्या गावांतून येणाऱ्यांशी तेलुगू. सगळ्या भाषा ती एकाच सुरात बोलायची. गावात तिच्याकडं घेतलेल्या डाळीवाचून चूल पेटत नव्हती, पण अक्काला स्वतःचं रान नव्हतं. अप्पांच्या घराण्यात कुणाला कधी नव्हतं. जन्मभर येळवशीला ती दुसऱ्यांच्या कोपीत जेवली. मान मिळाला, ताटाखाली पाट मिळाला. पण पाव्हणी ती पाव्हणीच.

त्या वर्षी तिनं माळाच्या अगदी माथ्यावरचा एक तुकडा बटईनं घेतला आणि तूर लावली. मुरमाड रान. कुदळ मारली तर ठिणगी उडेल असं. त्याच्या अलीकडं आमचं गाव आणि आमचं शिवार. पलीकडचा उतार नांदेडच्या अंगाला जाणारा, कापसाचा, दुसऱ्या गावाचा, येळवस न करणारा.

मी आदल्या दिवशी माहेरी पोचले तर अक्का दुकानाच्या पायरीवर तुराट्यांच्या पेंढ्या बांधत बसलेली. गेल्या सालची तूर झोडून उरलेल्या, कुणाकडून तरी मागून आणलेल्या त्या काटक्या. आमच्याकडं त्यांचा उपयोग चुलीला आणि कुडाला.

"काय करलालीस गं अक्का?"

"कोप घालायलोय. कडबा कुठून आणू? माज्या रानात ज्वारी कुठाय? जे रानात पिकतं त्याचीच कोप पायजे."

आतून अप्पा म्हणाले, "कोंबड्याबी आण म्हणाव आता. खुराडं तयारच हाय."

"तुमी आत बसा. तुमालाच कोंडते बघा त्यात," अक्का म्हणाली आणि गाठ दातानं आवळली. मग माझ्याकडं न बघता, हळू आवाजात : "सुमन, ज्या रानात येळवशीला परकं माणूस जेवत न्हाई, ते रान मुकं ऱ्हातं. मला एवढंच पायजे. कुणीतरी माज्या कोपीम्होरं बसून जेवावं. घरचं नव्हं. परकं."

मला वाटलं, यात अवघड ते काय? आयोजन हे माझं काम. रात्रीच्या जेवणाआधी मी गावात फिरले आणि वीस-बावीस माणसांना सांगून आले : उद्या आधी माळावर या, अक्काच्या रानात जेवा, मग आपापल्या रानात जा. सगळ्यांनी हो म्हटलं. किसनतात्यांनीही म्हटलं. ते गावातले जुने शेतकरी, येळवशीचे सगळे नियम त्यांच्याकडून विचारून घेतात. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "वाट कुठून हाय माळावर?"

"ओढ्यावरून, तुमच्या रानाला लागून."

"हं," तात्या म्हणाले. त्या हुंकाराचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

सकाळी आम्ही निघालो. अक्काच्या डोक्यावर भज्जीचं पातेलं, माझ्या डोक्यावर भाकरी आणि बाजरीचे उकडलेले उंडे, अप्पांच्या हातात मातीचं बिंदगं, त्यात आंबील. भज्जी म्हणजे भजी नव्हे. बेसन आणि चिंचेच्या कोळात रानातलं जे जे हिरवं आहे ते सगळं शिजवायचं : हरभऱ्याचे सोले, तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, मेथी, चुका, पात, वांगी, गाजर, बोरं, भुईमूग. कुणीही सगळं एका रानात पिकवू शकत नाही. हरभरा काळ्या रानातून येतो, तूर हलक्या रानातून, भुईमूग विहिरीच्या पाण्यावरचा, बोरं कुणाचीच नसलेल्या बांधावरची. आमचा सगळा मुलूख, त्याचं ऊन, त्याची माती, त्याचं थोडंथोडकं पाणी एका पातेल्यात रटरटत असतं. मी या पदार्थाची यादी बऱ्याचदा लिहिली आहे. ती कधी पूर्ण होत नाही. दरवेळी कुणीतरी म्हणतं, "आणि अंबाडीची पानं?"

माथ्यावर तुराट्यांची कोप उभी होती, जरा एका अंगाला कललेली. आत पाच दगड, चुना अजून ओला. अक्कानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला, मग दगडांना. पूजा झाली. तिनं पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि शिवाराकडं तोंड करून ओरडली, "या जेवाया! या हो, जेवाया या!"

खाली सगळ्या रानांतून तशाच हाका उठत होत्या. त्या एकमेकींत मिसळत, परत येत. मी तिथं उभी होते आणि बघत होते. एवढी माणसं. एरवी या शिवारात नजर जाईल तिथवर चार डोकी दिसत नाहीत. आज प्रत्येक पिकात एक धूर, प्रत्येक बांधावर लुगडी, लेकरं, बैलांच्या रंगवलेल्या शिंगांचे ठिपके, उभ्या केलेल्या मोटारसायकली. जमिनीनंच माणसं बाहेर काढून दाखवावीत, तसं. जिल्ह्याची लोकसंख्या कागदावर वाचणं वेगळं. ती जेवताना बघणं वेगळं.

पण माळावर कुणी येईना.

आणि मला कारण दिसत होतं, अगदी स्वच्छ. मी सांगितलेली माणसं निघाली होती. ओढ्याजवळ आली की पहिल्या रानातून हाक यायची. नाकारता येत नाही, बसायची. उठून पुढं आली की दुसऱ्या रानातून. मग तात्यांच्या रानातून, खुद्द तात्यांची बायको राधाकाकू पातेलं घेऊन वाटेतच उभी. वाट जितकी लांब तितकी रानं, जितकी रानं तितकी ताटं. माळ शेवटी. तिथवर पोचेपर्यंत कुणाच्या पोटात भाकरीच्या तुकड्याला जागा उरत नव्हती. माणसं ओढ्यापलीकडंच झाडाखाली आडवी होत होती. माझी सगळी योजना त्या जेवणावळीत बुडाली, आणि ती कुणी मोडली नव्हती. सणानंच मोडली होती.

"या जेवाया!" अक्का ओरडत होती. आवाज बसत चालला होता.

अप्पा कोपीच्या सावलीत बसून म्हणाले, "आता माजं खुराडं मलाच. वाढ मला."

"तुमी परके हाव का?" अक्का फिस्कारली. "भांडण झालं तरी परके न्हाई तुमी!"

मी हसले, पण तिच्या डोळ्यांकडं बघून थांबले. ऊन डोक्यावर आलं होतं. भज्जीवर साय धरायला लागली होती. अक्कानं एकदा तुरीवरून नजर फिरवली, झाडं शेंगांनी वाकलेली, आणि मग कुणास ठाऊक काय वाटलं, तिनं पाठ फिरवली. गावाकडं नव्हे, पलीकडच्या उताराकडं तोंड केलं आणि त्याच हाकेनं ओरडली. मग तेच तेलुगूत.

पलीकडं कापूस होता. पांढरा, फुटलेला, उतारभर. त्यात बायका वेचत होत्या. कमरेला झोळीसारखे ओटे बांधलेल्या, कापसानं फुगलेल्या, दुरून सगळ्या गरोदर दिसाव्यात अशा. त्या गावाला ही अमावस्या म्हणजे मजुरीचा साधा दिवस. त्या थबकल्या. एकमेकींकडं बघितलं. मग त्यांतली एक म्हातारी हातातला कापूस ओट्यात घालून चढाला लागली, आणि तिच्यामागून बाकीच्या.

म्हातारीचं नाव पोशव्वा. राज्याच्या सीमेपलीकडून वेचणीसाठी आलेली टोळी होती. ती कोपीपुढं उभी राहिली, पातेल्यात डोकावली आणि तिनं सरळ विचारलं, "एंत?" म्हणजे किती पैसे. तिला वाटलं, माळावर कुणीतरी खानावळ काढलीय.

अक्काचा हात तोंडावर गेला. मग ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "डब्बुलु वद्दु," ती म्हणाली. पैसे नकोत. "तिनंडी. जेवा बायांनो, बसा."

त्या बसल्या. ओटे सोडून शेजारी ठेवले. कापसाचे ढीग कोपीभोवती मांजरांसारखे. त्यांना खरी भूक होती. सकाळपासून वाकलेल्या बायकांची भूक. मी वाढत होते आणि वाढून माझे हात दुखायला लागले. पोशव्वानं भज्जीतलं एकेक ओळखायला सुरुवात केली, चिमटीत धरून, शेजारणीला दाखवून. बोराशी आली तेव्हा खो खो हसली. आमटीत बोर तिनं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. दुसरीनं विचारलं, आज कुणाचं लग्न आहे का? अक्कानं तुरीकडं हात केला आणि तिला काहीतरी सांगितलं. मला शब्द कळले नाहीत, पण त्या सगळ्या जणींनी माना वळवून तुरीकडं बघितलं, नवरीकडं बघतात तसं.

जाताना पोशव्वानं बिंदग्याकडं बोट केलं. अक्का म्हणाली, ही आंबील, ताकातली, ही पिकावर शिंपायची, पीक सुखी राहतं. पोशव्वाला ते फार पटलं. तिनं आपला पाण्याचा डबा रिकामा करून पुढं धरला. त्या वेचत होत्या त्या कापसालाही हवी होती. अक्कानं ओतली. मग दुसरीनं डबा धरला. तिसरीनं. अक्का ओतत राहिली. त्या उतरताना दिसत होत्या, हातात कडुनिंबाच्या डहाळ्या, कापसाच्या ओळींवर शिंपत, हसत. त्या उतारावर आजवर कुणी हे केलं नव्हतं. मी नकाशात नसलेली माझी ती रेघ डोळ्यांनी हलताना बघितली.

उन्हं कलली आणि गाव वर आलं. जेवायला नव्हे; माथ्यावरून सगळं शिवार दिसतं म्हणून, आणि अक्काला तोंड दाखवायला म्हणून. पुढं किसनतात्या, पोटावर हात ठेवून, मागं राधाकाकू आणि दहा-पंधरा जण, सगळे ओशाळलेले.

"अक्का, राग धरू नको," तात्या म्हणाले. "वाटेत ही रानं सोडनात. आन, आता दोन घास घालतो कसे तरी."

अक्कानं पातेलं उचललं आणि उपडं करून दाखवलं. खरवडून पुसलेलं.

"संपलं?" राधाकाकू. "सगळं?"

"उशीर केलाव," अक्का म्हणाली. तिचा चेहरा असा होता की मी तो शब्दांत मांडायचा नाद सोडून दिला आहे. "माज्या रानात लई पाव्हणे झाले."

सगळे हसले. तात्यांनी तिला हात जोडले. मग त्यांची नजर तुरीवर गेली, खाली जमिनीवर गेली. माती कोरडी. "रान शिंपलंस न्हाई अजून?"

अक्कानं बिंदगं हलवलं. आतून काही आवाज आला नाही.

हसणं थांबलं. आमच्याकडं हे होत नाही. आंबील पाव्हण्याला देतात, पण आधी रानाचा वाटा काढतात. आणि दुसऱ्याच्या आंबिलीनं आपलं रान शिंपत नाहीत. ज्याचं रान त्याची आंबील. अक्का शेतकऱ्याच्या घरात वाढली असती तर तिच्या हातून हे झालंच नसतं. दुकानदारीण, गिऱ्हाईक समोर उभं असताना मागं ठेवायची सवयच नाही. ती मटकन खाली बसली. "पयलंच वरीस," ती म्हणाली. "पयल्याच वर्षी माजं रान तहानलेलं ऱ्हायलं."

सगळे तात्यांकडं बघत होते.

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पलीकडच्या उतारावर लांब नजर टाकली. बायका तिकडं परत वेचणीला लागल्या होत्या. "राधे," ते बायकोला म्हणाले, "आपल्या बिंदग्यात काय हाय का बघ."

"हाय थोडी. पण ती आपल्या रानाची..."

"आन."

राधाकाकू खाली गेली. तिच्यामागं आणखी दोघी-तिघी उतरल्या, न सांगता. त्या परत आल्या तेव्हा प्रत्येकीच्या हातात काहीतरी होतं, बिंदगं, तांब्या, स्टीलचा डबा. काळ्या रानातली आंबील, ओढ्याकाठची, विहिरीवरची. कुणाच्यात जिरं, कुणाच्यात लसूण. तात्यांनी एकेक भांडं घेऊन अक्काच्या बिंदग्यात ओतलं. ते काठापर्यंत भरलं. मग त्यांनी ते तिच्या हातात दिलं आणि स्वतः दोन पावलं मागं सरले.

अक्का उठली. तुरीच्या पहिल्या ओळीपाशी गेली, डहाळी बुडवली, शिंपली. तिच्यामागून आम्ही सगळे निघालो, रान शिंपताना पिढ्यान्‌पिढ्या देतात ती कानडी वळणाची आरोळी देत. शब्दांचा अर्थ आमच्यातल्या कुणालाच, घरात कानडी बोलणाऱ्या अक्कालाही, सांगता आला नसता. मुरमावर थेंब पडत होते आणि पडल्या पडल्या नाहीसे होत होते. खाली शिवारात पेंढ्यांच्या मशाली पेटायला लागल्या, पिकाभोवती फिरायला लागल्या, आधी एक, मग इतक्या, की मी मोजायचं सोडून दिलं. मी. मोजायचं. सोडून दिलं.

फेरी पुरी झाली. अक्का धापा टाकत कोपीपाशी आली. तात्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि तिला, नव्या शेतकऱ्याला दटावावं तसं, सगळ्यांसमोर दटावलं :

"फुडल्या येळवशीला आदी रान शिंपायचं. मग वाढायचं. कळलं का?"

"हाव तात्या," अक्का म्हणाली.